आनंदाची मात्रा

कीर्तन संपते, आरती होते, बुक्का लावून मंडळी घरोघर पांगतात, तरी मंडपाच्या खांबाआड एखादा माणूस रेंगाळत राहतो. गावोगाव हा अनुभव आहे. चारचौघांत विचारता येत नाही असे काही त्याच्या पोटात असते. जवळ येतो, पाया पडतो आणि हळूच म्हणतो, "महाराज, माळ घालून वीस वर्षे झाली. एकादशी मोडली नाही, हरिपाठ चुकला नाही. पण एखादे दिवशी उठल्यापासूनच मन पडलेले असते. घरात भांडण नाही, अंगात ताप नाही, कुणाचे देणे नाही. तरी कशात जीव लागत नाही. देवापुढे बसावे तर अभंग तोंडाने चालतो आणि मन कोपऱ्यात तोंड फिरवून बसते. आमची भक्ती कुठे कमी पडते?"

या बोलण्यातले शेवटचे वाक्य आम्हांस फार लागते. मन उदास होणे हे एक दुःख. आणि 'मी उदास झालो, त्या अर्थी मी खोटा वारकरी' हे त्याच्यावर चढलेले दुसरे. पहिले दुःख कदाचित दुपारपर्यंत आपल्या पायांनी निघून गेले असते. हे दुसरे त्याला जाऊ देत नाही. पुढे पुढे तर माणूस लाजेने भजनालाच येईनासा होतो. असले तोंड घेऊन देवापुढे काय जायचे, म्हणतो. अशी चांगली टाळकरी माणसे फडातून गळालेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला.

प्रथम शास्त्र पाहू. पतंजलीमहर्षींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय सांगितले आहेत; व्याधी, संशय, आळस हे त्यांतलेच. मग या अंतरायांबरोबर चालत येणारे सोबती सांगितले : दुःख, अंगाचा कंप, श्वासोच्छ्वासाची बिघडलेली गती आणि दौर्मनस्य. दौर्मनस्य म्हणजे मन बिनसणे. हल्ली पोरेटोरे 'आज मूड नाही' म्हणतात ते हेच. शब्द इंग्रजी झाला म्हणून दुखणे नवे होत नाही. इच्छेला कुठेतरी अडथळा आला की चित्त ढवळून निघते, तेच दौर्मनस्य, असे भाष्यकार सांगतात. आता पाहा, सूत्रकारांनी याला कोणाच्या पंक्तीला बसवले? थरथर आणि धाप यांच्या! माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढताना छाती भात्यासारखी चालते. त्या वेळी कोणी म्हणतो का, की मला धाप लागली, माझी भक्ती खोटी? घटकाभर थांबतो, पाणी पितो, पुन्हा चालू लागतो. मनाच्या धापेलाही तोच न्याय लावावा.

आणि गीता कुठून सुरू होते? विषादातून. एवढा महारथी, प्रत्यक्ष भगवंत ज्याचा सारथी, त्याचे हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, धनुष्य हातातून निसटले. व्यासांनी तो प्रसंग झाकून ठेवला नाही. त्या अध्यायाला विषादयोग म्हटले. योग म्हटले बरे! पुढे दुसऱ्या अध्यायात, अठरा अध्यायांचे ते अफाट निरूपण मांडण्यापूर्वी, भगवंत काय करतात? किंचित हसल्यासारखे करतात. त्या हसण्याचे टीकाकारांनी नाना अर्थ केले आहेत, आणि ते सर्व आम्हांस मान्य आहेत. पण आमचे एक खासगी मत असे, की बसलेल्या माणसाला उठवायचे तर आधी समोरच्याचा चेहरा हसरा लागतो. ज्ञान मागाहून.

आपल्या घरचीच साक्ष काढायची तर ज्ञानोबारायांची. लोकांच्या बोलण्याने मन विटले, म्हणून एके दिवशी त्यांनी पर्णकुटीची ताटी लावून घेतली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. दार कसले, ताटी. काटक्याबांबूंची. एका लाथेने मोडली असती. पण आतून लावलेली ताटी बाहेरून मोडायची नसते. चार भावंडांत धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहिली आणि हाका घालू लागली. तिचे ते ताटीचे अभंग तुम्हा सर्वांना पाठ आहेत. त्यांत उपदेश थोरच आहे. पण हाक बघा कशी आहे. रुसलेल्या दादाला लहान बहिणीने घालावी तशी आहे. ज्ञानियांच्या राजालासुद्धा दार उघडायला एका लहानग्या मुलीची लाडीगोडी लागली, तर तुमच्या-आमच्या मनाला लहानसे काही लागले, यात लाज ती काय?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लहानसे काही म्हणजे काय, आणि त्याचा आधार काय?

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकराजाला परमानंद सांगताना म्हणतात, की इतर सारी भूते याच आनंदाच्या एका मात्रेवर जगतात. मात्रा म्हणजे कणभर, अंशभर. चिमणीला धुळीत लोळताना जे सुख होते, वासराला आचळाशी जे होते, दमल्या माणसाला ओट्यावर पाठ टेकताना जे होते, ते त्याच सागराचे तुषार. दुसऱ्या कारखान्यातून आलेला माल नव्हे. मात्रा या शब्दाचा मराठीत आणखी एक अर्थ आहे, तो आयाबायांना ठाऊक आहे. वैद्याची मात्रा! सहाणेवर मधात उगाळायची आणि बोटाने चाटवायची. तीही गुंजभरच. मूठभर मात्रा कोणी खात नाही, आणि गुंजभर आहे म्हणून ती लागू पडत नाही असेही नाही.

इथे आमचे काही कीर्तनकार बंधू भुवया उंचावतील. म्हणतील, "महाराज, हे विषयसुख झाले. तुम्ही लोकांना वैराग्य सांगायचे सोडून भाकरीच्या वासात ब्रह्म दाखवू लागलात!" शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर तैत्तिरीय उपनिषदात आहे. तिथे आनंदाची मोजदाद केली आहे. तरुण आहे, सज्जन आहे, शिकलेला आहे, धडधाकट आहे आणि धनाने भरलेली सारी पृथ्वी त्याची आहे, अशा माणसाचा आनंद हे एक माप धरले. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, असे चढत चढत पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती करीत ब्रह्मदेवापर्यंत नेले. आणि गंधर्वांपासून पुढे प्रत्येक पायरीवर ऋषी एक पालुपद घालतात, की जो वेद जाणणारा आणि अकामहत आहे त्यालाही हाच आनंद मिळतो. अकामहत, म्हणजे हावेचा तडाखा ज्याला बसलेला नाही असा. बंदी हावेवर आहे, आनंदावर नाही.

ओळखायचे कसे, म्हणाल तर खूण सोपी आहे. हावेचे सुख मिळताक्षणी म्हणते, 'आणखी आण.' मात्रेचे सुख काही मागत नाही. पहाटे काकड्याला जाताना पायाखाली दवाने ओली झालेली माती लागते. ते सुख कधी 'उद्यासाठी दोन शेर बांधून घ्या' असे म्हणाले आहे? उलट मोबाइल हातात घेऊन बोटाने चित्रे सरकवीत बसलेला माणूस पाहा. मन बरे वाटावे म्हणून बसतो आणि तासाभराने उठतो तो डोळे चोळीत, आधीपेक्षा चिडलेला. एक चित्र संपले की दुसरे हवेच असते. ती मात्रा नव्हे, ती खाज. खाजवताना बरे वाटते, एवढेच.

आणि वैराग्याचीच गोष्ट काढायची तर आपला पंथ कोणाचा? शेत राखणाऱ्यांचा, दळणकांडण करणाऱ्यांचा, लेकुरवाळ्यांचा. वारीत चाललेल्या माणसाला कधी उदास वैरागी म्हणून पाहिले आहे का? पुणे ते सासवड ही मजल फार मोठी, सुमारे ३० किलोमीटरांची. पाय भरून येतात. पण घाटमाथ्यावर वारा अंगावर आला आणि मागे वळून पाहिले की खालून वर येणाऱ्या दिंड्यांच्या पताका दिसतात, आणि तोंडातून आपोआप 'माउली' निघते. नीरेला पादुकांचे स्नान झाल्यावर त्याच पाण्यात डोके बुडवून वर काढलेला म्हातारा पाहावा. सात वर्षांचा दिसतो. तुकोबारायांच्या पालखीला यवतला पिठले-भाकरी असते. भाकरी हातावर, पिठले भाकरीवर, बसायला जमीन. पंचपक्वान्न जेवणाऱ्यांनी एकदा त्या पंगतीला बसून पाहावे. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला माउलींचे पहिले उभे रिंगण होते. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. मूठभर मातीत काय आहे? आणि साठी उलटलेल्या बाया पदर खोचून फुगडी घालतात, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना कोण विचारतो! पंढरी अजून लांब आहे, पाऊस पडतो आहे, रात्री तंबूत पाणी शिरणार आहे, हे सारे ठाऊक असूनही फुगडी चालू आहे. वारीची शिकवण काय, ते पोथ्यांतून सांगायला आम्हांला दोन तास लागतात. ती फुगडी दोन मिनिटांत सांगते.

परंतु ज्यांचे पाय राहिले त्यांचे काय?

आमच्या फडातल्या एक मावशी सत्तरी ओलांडलेल्या. सव्वीस वाऱ्या पायी झाल्या आणि सत्ताविसाव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी जिना चढायचीसुद्धा मनाई केली. ज्येष्ठ वद्य लागला तशी त्यांनी भिंतीकडे तोंड केले. आम्ही समाचाराला गेलो तेव्हा म्हणाल्या, "म्हाराज, पाय गेलं म्हंजे पंढरी गेली." मुलाने टेलिव्हिजनवर पालखीचे प्रस्थान लावून दिले, तर मावशी अधिकच रडू लागल्या. मुलगा भला, पण त्याची मात्रा चुकली. ज्याची भूक आहे त्याचे चित्र दाखवून भूक भागत नाही. सून शहाणी निघाली. तिने काय केले? भाजलेल्या शेंगदाण्यांचे सूप सासूबाईंच्या पुढ्यात आणून ठेवले आणि म्हणाली, "आत्याबाई, दिंडीला लाडू द्यायचेत. गुळाचं प्रमाण मला जमत न्हाई. तुमी सांगा." मावशी उठून बसल्या. दाणे चोळायचे, सूप हलवायचे, फुंकर घालायची. टरफले उडाली ती नातवाच्या डोक्यावर. तो खोडकर, एक दाणा सुपात, दोन तोंडात. मावशी त्याला रागे भरता भरता हसल्या. आठवड्याने हसल्या. लाडू दिंडीबरोबर गेले आणि मावशींना हिशेबाचा नाद लागला : आज माझे लाडू सासवडला पोचले, आज जेजुरीला, आज वाल्ह्याला. आषाढी एकादशीला त्या पुन्हा रडल्या. रडणारच. गुडघे काही परत आले नाहीत. पण भिंतीकडे तोंड करून निजणे सुटले ते सुटले. पुढच्या वर्षी सुनेने आणायच्या आधीच दाणे भाजून तयार होते.

अशी पाळी एकदा साऱ्या वारकऱ्यांवर आली होती. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीला गेल्या आणि लाखो वारकरी घरी बसले. पायी सोहळा पुन्हा निघाला तो २०२२ साली. त्या दोन आषाढांत ज्यांनी अंगणातल्या तुळशीवृंदावनाभोवती टाळ घेऊन फेर धरला, रोपाला पाणी घातले, शेजाऱ्याच्या दाराशी भाजी ठेवून लांबूनच हात जोडले, ती माणसे त्यातून तरून गेली. आमच्या आळीतले आम्ही सांगतो. जी दिवसभर बातम्या ऐकत बसली ती फार कष्टी झाली.

आणि सावतोबांना विसरून कसे चालेल? अरणचे सावता माळी. शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीला ते समाधिस्थ झाले. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, असे परंपरा सांगते. त्यांना कांद्यात, मुळ्यात, कोथिंबिरीत विठ्ठल दिसला. आम्हांला आज कोथिंबिरीच्या जुडीत फक्त भाव दिसतो! जुडी निवडताना बोटांना लागणारा तो वास घटकाभर तरी घ्यावा. पैसे दिलेलेच आहेत. वास वेगळा मोजून घेत नाहीत.

जनाबाईंचे जातेही असेच. नामदेवरायांच्या घरची मोलकरीण, आईबापांवाचून वाढलेली, पहाटेच्या अंधारात दळायला बसणारी. तिने उदास व्हावे याला कारणे थोडी होती का? पण हात जात्याच्या खुंट्याला आणि मुखात विठ्ठल, मग दुसरा हात देवाने लावला. आपल्या आज्यापणज्यांनी तीच वाट धरली. जात्यावर बसून सासर-माहेर, भाऊ-बहीण, पंढरीचा वाळवंट, सगळे गाऊन टाकले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अलीकडच्या काळात गावोगाव हिंडून या ओव्या गोळा करविल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. एवढे दुःख पिठाबरोबर दळले गेले! गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट वाचले, हे उत्तमच झाले. परत जाते फिरवा असे आम्ही मुळीच सांगणार नाही. पण मन बिनसले असता हाताला काही ताल असलेले काम द्यावे आणि तोंडाला नाम द्यावे, ही त्या जात्याची युक्ती तेवढी टाकू नये. पाठशाळेत कौमुदीची सूत्रे घोकताना एखाद्या पावसाळी दुपारी आमचे डोके बंद पडे आणि रडू कोसळे. गुरुजी पोथी मिटायला लावीत आणि म्हणत, "जा, गाईला वैरण घाल, तिच्या गळ्याखाली खाजव, आणि मग ये." गाईच्या गळ्याची ती मऊ पोळी हाताला लागली की पाणिनी पुन्हा माणसात येत असे.

पतंजलींनी चित्त प्रसन्न करायला जे उपाय सांगितले त्यांत मुदिता आहे : दुसऱ्याच्या चांगल्यात आपण आनंद मानणे. ही मात्रा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कडू. शेजाऱ्याची गाय व्याली, त्याच्या मुलीला नोकरी लागली, तर आपल्या पडलेल्या मनाला उठून 'वा!' म्हणायला लावायचे. पहिल्या दोन खेपांना घशाखाली उतरत नाही. तिसऱ्या खेपेला शेजारीण खरवसाची वाटी घेऊन येते.

ज्ञानोबारायांनी सतराव्या अध्यायात मानस तपाचे वर्णन करताना दाखले दिले आहेत : लाटा सोडून गेलेले सरोवर, ढग सोडून गेलेले आकाश, साप सोडून गेलेले चंदनाचे उद्यान. नीट पाहा, सरोवराला काही नवे आणून लावलेले नाही. पाणी होतेच, लाटा गेल्या. चंदनाला सुगंध होताच, विळखा सुटला. लहान सुखांचे काम एवढेच, विळखा क्षणभर ढिला करायचे. सुगंध त्यांनी आणायचा नाही.

आता पथ्य सांगतो, आणि हे न वाचता कोणी आमचे नाव पुढे करून मात्रा वाटू नये. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, ज्याचे उभे पीक गारपिटीने झोपले आहे आणि सावकार दारात आहे, त्याला 'चिमण्या बघ, मन रमव' म्हणणे हा निव्वळ दुष्टपणा आहे. तिथे आपण जावे, शेजारी बसावे, जमल्यास धान्याचे पोते उतरावे, आणि तोंड मिटून असावे. तुकोबारायांवर इ. स. १६३० च्या सुमारास दुष्काळ कोसळला, घरातली माणसे गेली, व्यापार बुडाला. पुढे भंडाऱ्याच्या डोंगरावर त्यांना झाडे-वेली आणि पाखरे सोयरी वाटली, हे खरे; पण ते त्यांनी आपल्या अनुभवाने म्हटले. बाहेरून येऊन कोणी त्यांना ते शिकवले नव्हते.

दुसरे पथ्य असे. उदासपणा आठवडेच्या आठवडे हटत नाही, झोप नाही, अन्न जात नाही, जगणे नको वाटते असे कोणी बोलू लागले, तर ते नुसते दौर्मनस्य राहिले नाही. तो व्याधी झाला, आणि पतंजलींनी व्याधी वेगळा मोजला आहे. तिथे अंगारे-धुपारे करीत बसू नये, 'नाम वाढव' म्हणून त्याच्या माथी दोषही मारू नये. सरळ डॉक्टरकडे न्यावे. मनाचे डॉक्टर निराळे असतात, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. २०२२ सालापासून सरकारची टेलि-मानस नावाची सेवा आहे; १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करून बोलता येते. हा क्रमांक हरिपाठाच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावा. माळ गळ्यात राहू द्यावी आणि गोळीही घ्यावी. दोघींचे भांडण नाही.

आणि आमच्या त्या खांबाआडच्या वारकऱ्याला आम्ही काय सांगतो? विशेष काही नाही. आधी विचारतो, "जेवलास का?" बहुधा जेवलेला नसतो. मग म्हणतो, उद्या मन पडलेले असेल तर हरिपाठ पूर्ण झालाच पाहिजे असा हट्ट नको. एकच अभंग म्हण, पण ओट्यावर कोवळ्या उन्हात बसून म्हण. टाळ वाजवून झाल्यावर तो कानाशी धर आणि नाद विरेपर्यंत ऐक. मंडळींत ये, तोंड पाडून आलास तरी चालेल, मागे उभा राहा, पण ये. आणि सप्ताहाचा काला चुकवू नकोस.

काल्याच्या दिवशी काय होते ते तुम्ही जाणताच. कुणाच्या घरच्या लाह्या, कुणाचे दही, कुणाचे लोणचे, सगळे एकत्र कालवले जाते. त्यात पाटलाचे कोणते आणि गुराख्याचे कोणते ते देवालाही निवडता येत नाही. हंडी फुटते आणि प्रत्येकाच्या हातावर मूठभर पडते. जास्त कोणालाच नाही. म्हातारे लोक त्यातले निम्मे तिथेच खातात आणि निम्मे उपरण्याच्या गाठीत बांधून नातवंडांसाठी घरी नेतात. गाठ सैल असते. दह्याने भिजलेल्या लाह्या वाटेने एक एक गळत जातात, आणि मागून येणाऱ्या चिमण्यांचाही त्या दिवशी काला होतो.